मामींच्या डब्यातली साय

माझ्या सासूबाईंचं नाव अंबाबाई. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामी म्हणत असे. त्या मला तोंडावर जावयबापू म्हणत. पाठीमागे काय म्हणत, ते मी माझ्या बायकोला, सुंदराला, अनेकदा विचारलं. पण हा प्रश्न आला की तिला नेमकं चुलीत लाकूड सारायचं असे. त्यावरून काय समजायचं ते मी समजलो.

मी मूळचा लोधिवलीचा. घरात भाऊ भरपूर आणि शेत बेताचं. दहिवलीच्या अंबाबाईंना घरजावई हवाय असं कानावर आल्यावर थोरल्या भावानं मला ज्या उत्साहानं अंघोळ घालून उभं केलं, तेवढा उत्साह त्यानं बैल बाजारात नेतानाही दाखवला नव्हता. मामी आल्या, त्यांनी मला अंगणात उन्हात उभं केलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि "टिकंल" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, आपण नापास झालो. पुढे त्यांच्याच घरात राहिल्यावर कळलं की त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नाही. आंबोशी, बोंबील आणि जावई, तिघांना त्यांची एकच कसोटी होती.

मामींचं सगळं आयुष्य बेगमीत गेलं. नवरा तरुणपणीच वारला, तोही भर आषाढात, कणगीत तळाला चार दाणे उरले असताना. उल्हास नदी दोन्ही अंगांनी चढली की पलीकडचा कर्जतचा बाजार डोळ्यांना दिसायचा, पण तिथवर पाय पोचायचे नाहीत. त्या पावसाळ्यात मायलेकींनी काय खाल्लं हे मामींनी कधीच कुणाला सांगितलं नाही. मात्र त्यानंतर वैशाख लागला की हाताला लागेल ते त्या वाळवत सुटत. कुरडया, फेण्या, सांडगे तर सगळेच करतात. मामी कारल्याच्या चकत्या वाळवत, शेवग्याचा पाला वाळवत, उरलेला भातसुद्धा चटईवर पसरत. मी एकदा दुपारी अंगणातल्या बाजेवर झोपलो होतो, तर त्यांनी येता जाता मला हलवून कुशीवर वळवलं. सुंदरा म्हणते, मी घोरत होतो म्हणून. मला आजही वाटतं की हाताला सवय असल्यानं त्यांनी मला परतलं.

मी कर्जत स्टेशनाबाहेर चहाचं दुकान चालवत असे. चालवत असे म्हणजे चहा मी करायचो आणि दूध, जळण, हिशेब सगळं मामी बघायच्या. माझं मुख्य काम बोलण्याचं. मी मराठी चौथी पास होतो आणि त्या चौथीच्या बळावर मी गिऱ्हाइकांना प्रकृतीविषयी सल्ले देत असे. माझी स्वतःची प्रकृती या सल्ल्यांमुळेच कायम बिघडलेली असे, पण त्यानं माझा आत्मविश्वास कमी झाला नाही. एका हिवाळ्यात मी नुसत्या कच्च्या भाज्यांवर राहिलो. दुसऱ्या हिवाळ्यात नाकानं पाणी पिण्याचा प्रयोग केला आणि तो पुरता यशस्वी झाल्यानं आठ-पंधरा दिवस अंथरुणाला खिळलो.

अशा माणसाच्या हातात हारूननं ती बरणी दिली, यात हारूनची चूक नाही म्हणता येणार नाही.

हारून कर्जतच्या बाजारपेठेतला. खंडाळ्याच्या एका बंगल्यात खानसामा होता आणि सुट्टीला खाली आला की माझ्याकडे बसायचा. त्या बंगल्यात मुलांना सांभाळायला एक गोरी बाई होती. इंग्रज नव्हे, पोलंडची. नाव यानिना. हारून तिला यानीबाई म्हणायचा. युद्धात तिला आणि तिच्या आईला घरातून उठवून कुठल्याशा बर्फाच्या मुलखात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. आई वाटेतच गेली. शेहेचाळीसच्या हिवाळ्यात बंगल्याच्या मालकांनी बंगला बंद केला, तेव्हा यानीबाईनं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आपल्या लोकांमध्ये जायचं ठरवलं, आणि हारून मुंबईला एका हॉटेलात लागला. जाण्याआधी दोघं एका सकाळी कर्जतला उतरून माझ्या दुकानात आले. यानीबाईच्या कडेवर मूल घ्यावं तशी एक काचेची बरणी होती.

बरणीत फिकट चहा होता आणि त्यावर दुधावर येते तशी जाड साय तरंगत होती. हारूननं सांगितलं, की गोड चहात ही साय सोडून वर फडकं बांधून ठेवायचं. हळूहळू चहा आंबतो, त्याला बारीक बुडबुडे येतात आणि त्यावर नवी साय धरते. तो आंबट चहा त्यांच्या मुलखात घरोघरी पितात. पोटाला चांगला असतो. पोटाचं नाव निघाल्यावर माझे कान उभे राहिले.

यानीबाईनं माझ्यासमोर ती साय बाहेर काढली. तिचे दोन पदर होते, ते तिनं अलगद सोडवले. थोरला पदर आणलेल्या दुसऱ्या लहान बरणीत घातला, धाकटा माझ्यासाठी ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा अदलाबदल केली. थोरला मला दिला. प्रवासात काय होईल याचा नेम नाही, असं ती म्हणत असल्याचं हारून म्हणाला. एका घरात सगळं ठेवू नये म्हणून एक इथे, एक तिथे. पुढेमागे ती आपल्या लोकांबरोबर विलायतेला जाणार होती. बोट मुंबईहून सुटणार आणि गाडी कर्जतवरून जाणार, तेव्हा येऊन साय घेऊन जाईन, असं ठरलं. हारूनच्या घरी का ठेवत नाही, हे मी विचारलं. तर साखरेचं रेशन होतं, युद्ध संपलं होतं पण रेशन संपलं नव्हतं, आणि दुकान म्हणून मला साखर जरा जास्त मिळे. शिवाय हारूनची बायको सफुरा त्या सायीला घरात घ्यायला तयार नव्हती. तिला ती डोळे नसलेल्या माशासारखी वाटे.

मामी तेवढ्यात दूध घेऊन आल्या होत्या. त्या उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी हारूनला विचारलं, हिची आई कुठं असते. हारूननं सांगितलं, की आई वाटेत गेली आणि ही साय तिच्या आईच्या हातची आहे. घरातलं आता तेवढंच उरलंय.  मामींनी यानीबाईच्या हातावर दुधाचा पेला ठेवला आणि ती पिऊन होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

मी मात्र भरपूर बोललो. छातीवर हात ठेवून हारूनला सांगितलं, की बाईंना सांग, माझा जीव गेला तरी चालेल पण सायीला धक्का लागणार नाही. हारूननं एवढ्या लांब वाक्याचं दोन शब्दांत भाषांतर केलं. यानीबाईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. असं मला यापूर्वी एकदाच पाहिलं गेलं होतं.

साय आली आणि मी शहाणा झालो. रोज सकाळी बरणी उजेडात धरून बुडबुडे बघायचे, नाक लावून वास घ्यायचा आणि 'हं' म्हणायचं. हा 'हं' मी इतका गंभीर करत असे की गिऱ्हाइकं चहा पिताना थांबत. आंबट चहाला मी 'पाचक' म्हणू लागलो आणि तो मर्जीतल्या लोकांनाच अर्धा कप देऊ लागलो. बहुतेकांनी तोंड वाकडं करून 'बरं वाटलं' म्हटलं. मी स्वतः सकाळ-संध्याकाळ पेला पेला प्यायचो. परिणामी मी दुकानापेक्षा नदीकडेच जास्त सापडायचो, पण पोट साफ होतंय, एवढाच त्याचा अर्थ मी लावला.

नव्या सायी येत गेल्या तशी गोष्ट बोभाटली. सगळ्यात आधी आली शेजारची सोनाबाई. सोनाबाई म्हणजे मामींची जन्माची सोबतीण. दोघींच्या घरांत इरजणाची वाटी इकडून तिकडे अशी जात-येत असे, की कुणाच्या घरचं दही मुळात कुणाचं हे देवालाच ठाऊक. तिच्या नवऱ्याचं पोट फुगायचं. ती वाटी घेऊन आली.

"वाल्मिका, त्या सायंचं जरासं इरजण दे रं," ती म्हणाली.

अशा प्रसंगी मी शुद्ध बोलतो. मी म्हणालो, "सोनाबाई, हे विरजण नव्हे. हे औषध आहे."

आणि तिला पाठवून दिली. तिच्यामागून आणखी कुणी कुणी आल्या. त्यांनाही तेच शुद्ध उत्तर दिलं. मामींनी ते ऐकलं. रात्री जेवायला वाढताना त्या सुंदराला म्हणाल्या, पण ऐकू मला जावं असं, की या घरातून आजवर कुणी इरजणाची वाटी रिकामी नेली नव्हती. मी त्यांना जंतू, विलायत आणि विज्ञान यांबद्दल थोडक्यात समजावून सांगितलं. त्या अर्ध्यावरच उठून भांडी आवरायला लागल्या.

देणं नाही, टाकणंही नाही. बरणीत सायीवर साय चढत गेली. वैशाखापर्यंत बरणीत चहा कमी आणि सायीच जास्त झाल्या. फडक्याभोवती बारीक माशा घोंगावू लागल्या. नेमक्या त्याच वेळी लोधिवलीला पुतण्याचं लग्न निघालं. मी चार दिवस गेलो. लग्नात मी पाचकावर इतकं बोललो, की नवरीकडच्यांनी मला वेगळ्या पंगतीला बसवलं.

परत आलो तर ओसरीवर माझी बरणी होती. धुऊन लख्ख केलेली, आणि गळ्यापर्यंत कैरीच्या लोणच्यानं भरलेली.

मी दारातच बसलो. अंगणात चटईवर कुरडयांच्या शेजारी काही तपकिरी, पातळ चिवट पट्ट्या पडल्या होत्या. मामी त्यांच्यावरून कावळे हाकलत होत्या. मी विचारलं, हे काय.

"साय," मामी म्हणाल्या. "माश्या लागल्या व्हत्या. पावसाळ्यात किडली असती. वाळवली. आता टिकंल."

मी ओरडलो. ओरडलो म्हणजे सासूवर घरजावई जेवढा ओरडू शकतो तेवढा. म्हणालो, मामी, ती जिवंत होती, आता मेली.

"वाळल्यालं मरत नाय, जावयबापू," त्या म्हणाल्या. "बियानं काय वल्लं ठेवतो का आपन?"

चौथी पास माणसानं यावर काय बोलायचं. भाताचं बियाणं वेगळं आणि ही साय वेगळी, असं काहीतरी मी बोललो आणि मामींशी अबोला धरला. मी बोलत नाही हे त्यांच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. त्यानंतर त्यांनी सुंदराला विचारलं, की यांचा घसा बसलाय का.

मामींनी पट्ट्या कडुलिंबाच्या पाल्यात घालून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. ज्येष्ठात पावसाची झड लागली तेव्हा सुंदरानं त्यांतल्या काही कुरडयांबरोबर तळून पाहिल्या. फुलल्या नाहीत. कढईत वळल्या आणि जोड्याच्या तळव्यासारख्या झाल्या. एक माझ्या ताटात आली तेव्हा मी अबोल्यात होतो, त्यामुळे तक्रार करता आली नाही. सबंध जेवण मी ती एकच चघळत होतो.

पण मनातून मी पार हादरलो होतो. हारूनला काय सांगायचं? मी दुसरी साय तयार करायचं मनावर घेतलं. गोड चहा करून मडक्यात उघडा ठेवला. त्यावर खरोखर काहीतरी धरलं, पण ते हिरवं आणि केसाळ होतं. तरी एक घोट घेऊन पाहिला. त्याचं वर्णन करत नाही. मग पेजेवरची साय काढून चहात सोडली, ती विरघळली. शहाळ्यातली मलई सोडली, ती तरंगली आणि दुसऱ्या दिवशी वासानं शेजारचा कुत्रा दुकानासमोर येऊन बसला. शेवटी मी गावात फिरलो. कुणाकडे चुकून आमची साय गेली असेल तर तिच्यातली चिमूटभर मागू म्हटलं. पण जाणार कशी? मीच कुणाला दिली नव्हती. सोनाबाईच्या दारात वाटी घेऊन उभा राहिलो तेव्हा तिनं मला बसायलाही सांगितलं नाही. औषध संपलं का, एवढंच विचारलं आणि आत गेली.

आषाढाच्या मध्याला हारून आला. भिजलेला, घाईत. तो छत्री मिटवायच्या आधीच बोलू लागला. यानीबाईचा निरोप आला होता. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती मुंबईला चालली होती, तिथून बोटीनं विलायतेला. गाडी कर्जतला थांबेल तेव्हा ती उतरेल. छावणीतली तिची धाकटी साय पावसाच्या ओलीनं काळी पडून गेली होती. आता फक्त माझ्याकडचीच.

"वाल्मिकभाऊ, ती रडत होती म्हणं," हारून म्हणाला. "मग कुणीतरी तिला आठवण दिली का कर्जतला एक आहे. तेव्हा जेवली."

त्यानं दुकानात इकडे-तिकडे पाहिलं. बरणी कुठंय, असं विचारलं. मी म्हणालो, घरी आहे, घरी जास्त सुरक्षित. हे म्हणायला काय लागतं. हारून सुखानं घरी गेला आणि मी मरणाच्या दारात बसलो. मला खोटं बोलल्याचं वाईट वाटलं नाही, ते माझं रोजचं होतं. पण कुठल्याशा बर्फाच्या मुलखातून एक बाई आपल्या आईच्या हातची एक साय जपत इथवर आली, आणि ती माझ्यासारख्या बोलक्या माणसाच्या हाती लागली, याचं मला खरोखर रडू आलं. ताप आलाय असं सांगून झोपून राहावं, एवढाच उपाय मला सुचला.

घरी येऊन मी कांबळं ओढून घेतलं आणि कांबळ्यातूनच सुंदराला सगळं सांगितलं. मामी पलीकडे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी उठून फळीवरचा डबा काढला, झाकण उघडून बघितलं, बंद केला.

"उद्या मी येते टेसनावर," त्या म्हणाल्या.

मी कांबळ्यातून सुंदराला ऐकवलं, की त्या बाईला ताजी, ओली साय हवी आहे, वाळलेलं चामडं नको. मामींनी उत्तर दिलं नाही. अबोला माझा होता, पण तो त्यांनाच जास्त छान जमायचा.

दुसऱ्या दिवशी मी मामींच्या मागे, हारून मामींच्या पुढे, असे आम्ही फलाटावर गेलो. हारूनला मी तोवर काही सांगितलं नव्हतं. मामींच्या हातात फडक्यात बांधलेली एक लहान पुरचुंडी होती आणि हारून वारंवार विचारत होता, की बरणी कुठं आहे. गाडी घाट उतरून आली. डब्यांतून गोऱ्या बायका, पोरं डोकावत होती. यानीबाई उतरली. पहिल्यापेक्षा वाळली होती. तिनं आधी माझ्या हातांकडे पाहिलं. माझे हात रिकामे होते. मी पाण्याच्या नळामागे झालो, जसं काही नळ मला झाकणारच होता.

मामी पुढे गेल्या. त्यांनी तिच्या हातावर पुरचुंडी ठेवली आणि गाठ सोडून दाखवली. आत एकच पट्टी होती. मी नळामागून ओळखली, ती थोरली, सगळ्यात खालची. मामींनी ती तळायला काढू दिली नव्हती. हारूनचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी नळ सोडून दुसऱ्या बाजूला गेलो.

यानीबाईनं पट्टी नाकाशी नेली. जिभेला लावली. मग ती तिथंच फलाटावर, ओल्या दगडावर टेकलेल्या आपल्या पेटीवर बसली आणि रडायला लागली. मी मनात म्हटलं, झालं. आता हारून मला जन्मभर ओळख देणार नाही आणि ते योग्यच होईल.

पण ती रडता रडता हसत होती आणि मामींच्या हाताला धरून भराभर बोलत होती. हारून ऐकत राहिला. मग त्यानं माझ्याकडे वळून सांगितलं.

"वाल्मिकभाऊ, ती म्हणते, घरून निघताना तिच्या आईनं अशीच केली होती. चुलीवर वाळवून कोटाच्या काठात शिवली. त्या सगळ्या मुलखातून ती तशीच आली, वाळलेली. बरणी तर तिनं खंडाळ्याला आल्यावर घेतली."

मामींना ते समजावून सांगितलं तेव्हा त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

"मग वल्लं घेऊन कोन जातंय एवढ्या लांब," त्या म्हणाल्या.

हारूननं ते यानीबाईला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. यानीबाईनं पट्टी दोन हातांत धरली आणि ओढून तिचे दोन तुकडे केले. ती चिवट होती, तिला जोर लावावा लागला. एक तुकडा तिनं आपल्या ब्लाउजच्या आत ठेवला. दुसरा मामींच्या मुठीत ठेवून त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. शिट्टी झाली. मामींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आपल्या लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा. गाडी गेल्यावरही त्या बराच वेळ फलाटावर मूठ मिटून उभ्या होत्या. मी नळाजवळच होतो. माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग, ज्यात मी काहीही बोललो नाही आणि सगळं ठीक झालं.

जाताना यानीबाईनं सांगितलं होतं, की पट्टी आधी थोड्या आंबवणीत भिजवायची आणि मग गोड चहात सोडायची. हारूननं त्यासाठी घरून थोडा आंबट शिरका आणून दिला. सफुरानं तो देताना विचारलं म्हणे, की डोळे नसलेला मासा अजून जिवंत आहे का. बरणीतलं लोणचं मामींनी चिनी मातीच्या सटात काढलं. मी रोज बरणीत डोकावत असे, पण 'हं' म्हणायची हिंमत राहिली नव्हती. भाद्रपदात एका सकाळी वर पातळ पडदा दिसला, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. मी मामींना हाक मारली. माझा अबोला तिथं संपला, आणि तो होता हे मामींना तेव्हाही नीटसं माहीत नव्हतं.

साय जाड झाल्यावर मामींनी वाटीत तिचा एक पदर काढला, वर दुसरी वाटी झाकली आणि माझ्या हातात दिली. सोनाबाईकडे नेऊन द्या म्हणाल्या. दिवे लागायच्या आत, कारण तिन्हीसांजेनंतर आमच्याकडे इरजण देत नाहीत. मी कारणं सांगून पाहिली, पाऊस, दुकान, गुडघा. मामींनी दिव्याकडे बोट दाखवलं.

सोनाबाई दारात आली. तिनं वरची वाटी उचलून आत पाहिलं.

"इरजण हाय का औषद?" तिनं विचारलं.

"इरजणच हाय, सोनाबाय," मी म्हणालो.

तिनं वाटी आत नेली आणि गुळाचा खडा घालून परत आणली, कारण वाटी रिकामी परत द्यायची नसते. तो खडा मी वाटेतच खाल्ला. घरी आल्यावर मामींनी विचारलं, सोनाबाईनं काय दिलं. काही नाही म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

मामी एकोणपन्नासच्या चैत्रात गेल्या, बेगमीला हात घालायच्या थोडं आधी. सुतकात घरातल्या बरणीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तेरावं उरकल्यावर मी फडकं सोडलं, तर साय काळी पडली होती, वर हिरवे केस आले होते. मी ती बरणी घेऊन ओसरीवर बसलो आणि पहिल्यांदा मामींसाठी रडलो. सुंदरा आली, तिनं पाहिलं आणि तीही शेजारी बसली. दोघांनाही काय करावं कळेना.

दिवस कलायला आला होता. सोनाबाई अंगणात आली. हातात वाटी, वर दुसरी वाटी झाकलेली. दिवे लागायच्या आत पोचावं म्हणून ती भराभर चालत आली होती आणि तिला धाप लागली होती.  तिनं वाटी सुंदराच्या हातात दिली.

"तुज्या आयचं हाय गं," ती म्हणाली. "इरजण लाव."